कमी चालणारा नळ आधी धुवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडला फॅमिली रेस्टॉरंट आणि बार आहे, ड्राफ्टचे, म्हणजे पिंपातून थेट ग्लासात बिअर देणारे, दोन नळ आहेत. एकावर लागर चालते, दुसऱ्यावर गव्हाची बिअर. लागरला फेस आवरत नाही. गव्हाची बिअर आंबूस लागते, कधी तिला लोण्यासारखा वास येतो. केग, म्हणजे बिअरची पिंपं, काउंटरमागे जमिनीवर असतात आणि बिअर कूलरच्या कॉईलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून, थंड होऊन नळाला येते. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो, लाइनमधून, म्हणजे केगपासून नळापर्यंतच्या नळीतून, गरम पाणी फिरवतो आणि सही घेऊन जातो. एवढं पुरतं का, आणि आपल्याच माणसांकडून करून घ्यायचं तर कसं?

पुरत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून आधी आंबूसपणाचं बघू, फेसाकडे नंतर येतो.

मी नाशिक, सिन्नर, इगतपुरी या पट्ट्यात ड्राफ्टची यंत्रणा बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो. त्याआधी डेअरीत होतो, दुधाच्या पाइपांची सफाई हे तिथलं रोजचं काम. डेअरीत पाइप एक दिवस धुतला नाही तर दूध नासतं आणि सगळ्यांना कळतं. बिअर मात्र सोसते. तिचा पीएच (आंबटपणाचं माप) साधारण ४ ते ४.५, त्यात अल्कोहोल, हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या फुलांचा) कडवटपणा आणि ऑक्सिजन जवळजवळ नाही. माणसाला आजारी पाडणारे जंतू अशा ठिकाणी सहसा वाढत नाहीत. त्यामुळे खराब लाइनची बिअर पिऊन कोणी दवाखान्यात जात नाही, भांडायलाही येत नाही. गिऱ्हाईक दुसरा ग्लास मागवत नाही, पुढच्या वेळी बाटली मागतं. हा तोटा हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं चालू राहतो.

लाइनमध्ये वाढणारे जीव मोजकेच आहेत. लॅक्टोबॅसिलस बिअर आंबट करतो. पेडिओकॉकस आंबटपणासोबत डायॲसिटिल तयार करतो, तुम्हाला येणारा लोण्याचा वास बहुधा त्याचाच. ॲसिटोबॅक्टरला हवा लागते, म्हणून तो नळाच्या तोंडाशी आणि कपलरच्या, म्हणजे केगला लाइन जोडणाऱ्या तोटीच्या, खाचांत मुक्काम करतो आणि बिअरला व्हिनेगरची झाक देतो. शिवाय रानटी यीस्ट. तिने बिअर गढूळते आणि औषधासारखी लागते. हे जीव सुटे तरंगत असते तर पाण्याने वाहून गेले असते. ते नळीच्या आतल्या भिंतीला धरून चिकट थर बनवतात, त्या थरात बिअरमधली प्रथिनं, साखर आणि हॉप्सची राळ अडकते. नवा केग जोडला की हा थर त्या बिअरला विरजण लावतो. ब्रुअरीतून केग कितीही चांगला आला असला तरी शेवटच्या काही फुटांत तो नासतो.

हा थर गरम पाण्याने सुटत नाही. त्याला अल्कली लागते, म्हणजे कॉस्टिक, आणि ती ठरावीक वेळ त्याच्यावर राहावी लागते. पाणी जास्त कडक केलं तर निघेल असं वाटून काही जण उकळतं पाणी सोडतात. त्याने पीव्हीसीची नळी मऊ पडते, जोड सैल होतात, आणि कॉईलपाशी पोचेपर्यंत ते पाणी निवलेलंच असतं.

आता तुमच्या गव्हाच्या नळाकडे या. त्यावरचा खप लागरपेक्षा कमी असणार, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मी धरून चालतो. मालक लोक नेहमी सांगतात की जास्त चालणारा नळ जास्त खराब होतो, त्याची काळजी घेतो, दुसरा तर दिवसाला चार ग्लासच जातो. खरी गोष्ट उलटी आहे. चालत्या नळात बिअर ताजी येत राहते आणि थंड राहते. थांबलेल्या नळात तीच बिअर तासन् तास नळीत उभी असते, टॉवरमध्ये, म्हणजे काउंटरवरच्या ज्या खांबावर नळ बसतात त्यात, खोलीइतकी गरम होते, आणि जंतूंना हवा तेवढा वेळ मिळतो. त्यातून गव्हाची बिअर बहुतेक वेळा गाळलेली नसते, तिच्यात यीस्ट आणि प्रथिनं जास्त असतात. ती पाश्चराइज केलेली नसेल, तर केग उघड्यावर ठेवणं म्हणजे बिघाडाला आमंत्रण. लवंगेचा किंवा केळ्याचा वास मात्र दोष समजू नका, बऱ्याच गव्हाच्या बिअरींत तो यीस्टचाच गुण असतो.

दोष लाइनचा की बिअरचा, हे ठरवायची चाचणी सोपी आहे. सकाळी बार उघडायच्या आधी त्या नळाचा पहिला ग्लास घ्या आणि बाजूला ठेवा. मग लाइन आणि कॉईलमधली सगळी बिअर निघून जाईल एवढी काढून, लगेच दुसरा ग्लास भरा. दोन्हींचा गारवा थोडा उतरू द्या, म्हणजे बर्फगार चवीआड दोष लपणार नाही, आणि शेजारीशेजारी ठेवून चाखा. पहिला खराब आणि दुसरा बरा निघाला, तर गुन्हेगार लाइन. दोन्ही सारखेच खराब असतील, तर एका स्वच्छ कपलरला हातभर नवी नळी आणि साधा पिकनिक नळ, म्हणजे दाबून चालणारी हातातली तोटी, लावून थेट केगमधून ग्लास काढा. तोही आंबट असेल तर केग परत पाठवा आणि पुरवठादाराला ती बिअर त्याच्यासमोर चाखायला द्या. ही तिसरी पायरी न करता कंपनीशी वाद घालू नका, तुमची बाजू टिकणार नाही.

धुण्याचा कालावधी मी धरतो तो १४ दिवसांचा. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या ड्राफ्ट पुस्तिकेतही हाच आकडा आहे, आणि माझा अनुभव त्याला धरूनच आहे. दर १४ दिवसांनी कॉस्टिकने लाइन धुवायची, त्याच वेळी नळ पूर्ण सुटा करून घासायचा आणि कपलर ब्रशने साफ करायचा. दर तीन महिन्यांनी आम्लाने धुणं. दर सहा महिन्यांनी कपलर पूर्ण उघडून आतले वॉशर, बॉल, ओ-रिंग तपासणं. लाइनमध्ये फेस अडवणारा फॉब बसवलेला असेल तर तोही तेव्हाच खोलायचा. हा कालावधी किती केग गेले त्यावर मोजू नका, कॅलेंडरवर मोजा.

कॅलेंडरचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडचं वर्ष सरळ चालत नाही. आषाढी अमावास्येला, गटारीच्या दिवशी, नळ बंद करायला उसंत नसते. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र. दसऱ्यापर्यंत ड्राफ्टचा खप पडलेला असतो, मधे दारूविक्री बंद असलेले कोरडे दिवसही येतात. बहुतेक बारमध्ये याच काळात सफाई थांबते, कारण बिअर जात नाही तर धुवायचं कशाला. बाहेर पावसाळी दमट हवा, चिलटांचा सुळसुळाट आणि लाइनमध्ये आठवडाभर उभी असलेली बिअर. मला वर्षातल्या सर्वात खराब लाइन दसऱ्याच्या आसपास बघायला मिळतात. तुमचा गव्हाचा नळ श्रावणात चालत नसेल, तर गटारीनंतर तो चक्क बंद करा. केग संपवा, लाइन कॉस्टिकने धुवा, भरपूर पाण्याने खंगाळा, गॅसने पाणी बाहेर ढकला आणि लाइन रिकामी ठेवा. पाणी भरून ठेवू नका, साचलेलं पाणीही नासतं. परत सुरू करताना पुन्हा एकदा कॉस्टिक, मगच केग.

आता प्रत्यक्ष धुणं. यात एकेक गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रसायन ड्राफ्ट लाइनसाठी किंवा अन्नप्रक्रियेतल्या सीआयपीसाठी, म्हणजे पाइप न खोलता आतून धुण्यासाठी, बनवलेलंच घ्या. डेअरी आणि वायनरींना माल पुरवणारे विक्रेते आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे ते मिळतं. नुसती कॉस्टिकची पापडी किंवा मोरी उघडायची पावडर वापरू नका. तयार क्लीनरमध्ये थर भिजवणारे आणि पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवणारे घटक असतात, नुसत्या कॉस्टिकमध्ये ते नसतात आणि ते धुऊन निघायलाही वेळ घेतं. हे आपल्याकडे जास्त जाणवतं, कारण बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. जड पाण्यात कॉस्टिक टाकलं की पांढरा साका बसतो आणि धुताधुता तुम्ही लाइनमध्ये नवा क्षार सोडता. द्रावणाला महापालिकेचं नळाचं पाणी घ्या, तेही जड वाटलं तर आरओचं. ब्लीच तर अजिबात नको. क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात, बिअरला औषधी वास लागतो, आणि आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

द्रावणाची ताकद २ टक्के कॉस्टिक. लाइन जुनी किंवा फार खराब असेल तर ३ टक्के. २ टक्के म्हणजे लिटरमागे २० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. तुमच्या कॅनवर तीव्रता २५ टक्के लिहिली असेल तर लिटरमागे साधारण ८० ग्रॅम क्लीनर. वजनकाट्यावर मोजा, झाकणाने अंदाजे ओतू नका. आधी बादलीत पाणी, मग त्यात रसायन, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. पाणी रसायनावर ओतलं तर उष्णता एकदम निघते आणि ते अंगावर उडतं. पाणी कोमट हवं, २७ ते ४३ अंशांच्या मधलं. एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी आपोआपच तेवढं असतं. डोळ्यांना बंदिस्त गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायात बूट. २ टक्के आकडा छोटा वाटतो, पण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि मग तडक दवाखाना.

सुरू करण्याआधी दोन्ही नळांच्या मुठी काढून खिशात ठेवा आणि टॉवरवर मोठ्या अक्षरांत "सफाई चालू" अशी पाटी लावा. ही औपचारिकता समजू नका. कॉस्टिकचं द्रावण दिसायला पाण्यासारखं असतं, आणि नवा वेटर सवयीने ग्लास धरून मूठ ओढतो. बार बंद असतानाच धुवा. आपल्याकडे सोमवारी आणि गुरुवारी गर्दी कमी असते, एक आड एक गुरुवारची सकाळ ठरवून टाका.

गॅस बंद करा, कपलर केगवरून काढा. लाइनमधली बिअर आधी साध्या पाण्याने बाहेर काढा. बिअर आणि तिच्यातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कॉस्टिकची ताकद खातात, म्हणून ही पायरी गाळू नका. तुमचा कूलर कोरड्या ब्लॉकचा (थंड धातूच्या ठोकळ्याचा) किंवा ग्लायकॉलचा (न गोठणाऱ्या द्रवाचा) असेल तर तो तासभर आधी बंद करा, नाहीतर कॉईलमध्ये पाणी गोठतं. बर्फपाण्याच्या टाकीचा असेल तर हा धोका कमी.

मग दोन पद्धती आहेत. पहिली पंपाची, आणि मी तिचाच आग्रह धरतो. दोन्ही कपलर एका जोडनळीने एकमेकांना जोडायचे, दोन्ही नळ काढून एकाच्या जागी पंपाची नळी लावायची, दुसऱ्याच्या जागी लावलेल्या नळीतून द्रावण परत बादलीत येऊ द्यायचं. अशा रीतीने दोन्ही लाइन एका फेऱ्यात येतात. १५ मिनिटं फिरवायचं. प्रवाह मिनिटाला साडेसात लिटरच्या जवळ गेला तर उत्तम, तुमच्या बारीक नळीत आणि कॉईलमध्ये तेवढा मिळणार नाही, तरी मिळेल तेवढा वेग घ्या. वाहत्या द्रावणाची घासणी थराला सोडवते, नुसतं भिजवून ते काम निम्मंच होतं. मध्यावर प्रवाहाची दिशा उलटी करता आली तर आणखी चांगलं. फेसाळ, पिवळसर, कधी तपकिरी कचरा बादलीत उतरताना दिसेल.

दुसरी पद्धत सफाईच्या भांड्याची. केगसारख्या छोट्या डब्यात द्रावण भरायचं, त्यावर कपलर लावायचा, दाबाने लाइन भरायची आणि २० मिनिटं तशीच ठेवायची. दहा मिनिटांनी थोडं ताजं द्रावण आत ढकला. बरेच जण दाबासाठी सीओटूच वापरतात. सीओटू आणि कॉस्टिक एकत्र आले की त्याचा सोडा बनतो आणि द्रावण हळूहळू निकामी होतं, म्हणून अशा डब्यात उरलेलं द्रावण पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

कॉस्टिक काढल्यावर थंड स्वच्छ पाणी. किती? पीएच पट्टी सांगेल तेवढं. एक पट्टी खंगाळायला घेतलेल्या ताज्या पाण्यात बुडवा, दुसरी लाइनमधून येणाऱ्या पाण्यात. दोन्हींचा रंग एक झाला की थांबा. बोटांना बुळबुळीत लागतंय का बघून ठरवणारे लोक आहेत. तो प्रकार धोक्याचा आहे, कारण गिऱ्हाइकाच्या घशाची जबाबदारी तुमच्यावर आहे. पट्ट्यांचं पाकीट काही फार महाग नाही.

बिअर वाया जाते हा आक्षेप मालकांकडून हमखास येतो, म्हणून हिशेब देतो. ६.३५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे साधारण ३२ मिलिलिटर बिअर मावते. पाच मीटर नळीत १६० मिलिलिटर. कॉईलची लांबी धरली तरी तुमच्यासारख्या मांडणीत एका लाइनमागे अर्ध्या ते पाऊण लिटरच्या आसपास. तीही धुणं केग संपतानाच्या दिवशी धरलं तर आणखी कमी.

लाइनमध्ये द्रावण फिरत असताना दुसऱ्या माणसाने काढलेले नळ हातात घ्यावेत. नळ पूर्ण खोला, प्रत्येक भाग कॉस्टिकच्या द्रावणात भिजवा, बारीक ब्रशने आतून घासा, धुऊन जोडा. रबरी वॉशर फाटला, कडक झाला असेल तर बदला, वंगण हवं तर खाद्य दर्जाचंच लावा. हा सगळा खटाटोप पंधरा मिनिटांचा, पण चवीवर त्याचा परिणाम लगेच दिसतो, कारण हवा आणि बिअर जिथे भेटतात ती जागा हीच. चिलटं नळाच्या तोंडावर बसतात आणि ॲसिटोबॅक्टर पायांवरून आणतात. रोज रात्री बंद करताना नळाचं तोंड स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, टोपी लावा, ड्रिप ट्रे काढून घासा आणि कोरडा करून ठेवा. ट्रेच्या निचऱ्याच्या नळीत आठवड्यातून एकदा गरम पाणी सोडा. काउंटरवर येणारा आंबट वास अर्ध्या वेळा तिथूनच येत असतो. ग्लास भरताना नळाचं टोक बिअरमध्ये बुडवायचं नाही, हेही पोरांना सांगा.

तीन महिन्यांनी येणारं आम्लाचं धुणं वेगळ्या घाणीसाठी आहे. बिअरमधला ऑक्झॅलेट आणि कॅल्शियम मिळून दगडासारखा थर बसतो, त्याला बिअर स्टोन म्हणतात. तो कॉस्टिकला दाद देत नाही. खडबडीत असल्यामुळे त्याच्या आडोशाला जंतू टिकतात आणि त्याच्यावरून जाताना बिअरमधला गॅस सुटून फेस होतो. कूलरच्या स्टील कॉईलमध्ये ब्रश घालता येत नाही, म्हणून तुमच्यासारख्या मांडणीत हे धुणं टाळून चालणार नाही. फॉस्फोरिक आम्लावर आधारित क्लीनर घ्या. नायट्रिक आम्लाचा डेअरीचा क्लीनर स्वस्तात मिळतो म्हणून आणू नका, तो पितळी जोड आणि काही प्लास्टिक खातो. क्रम असा: कॉस्टिक, पूर्ण खंगाळणं, पट्टीने खात्री, मग आम्ल, पुन्हा खंगाळणं, पुन्हा पट्टी. दोन्ही रसायनं एकमेकांत मिसळायची नाहीत, दोघांची मापाची भांडीही वेगळी ठेवा.

नाशिकमध्ये हल्ली वाइनही नळावर देण्याची इच्छा दिसते, म्हणून जाता जाता: बिअरची लाइन वाइनला वापरू नका. वाइन बिअरपेक्षा आम्लधर्मी असते, पितळेवर क्रोम चढवलेले नळ आणि जोड तिला चालत नाहीत, सगळं स्टीलचं लागतं.

आता फेस. घाणेरडी लाइन फेस वाढवते हे खरं, पण तुमच्या लागरच्या बाबतीत मला आधी तापमानाचा संशय आहे. काउंटरखाली उघड्यावर ठेवलेला केग, मे महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असेल, तर बिअर कूलरमध्ये शिरतानाच इतकी गरम असते की कूलरचा आवाका संपतो. थर्मामीटर घ्या आणि सलग भरलेल्या दुसऱ्या ग्लासातलं तापमान बघा. ३ ते ४ अंश असेल तर ठीक, ७-८ असेल तर कारण सापडलं. फक्त पहिला ग्लास फेसाळत असेल आणि पुढचे नीट येत असतील, तर टॉवर तापतोय, त्याला थंड हवा किंवा इन्सुलेशन द्या.

फेस आला की बहुतेक ठिकाणी रेग्युलेटर फिरवून दाब कमी करतात. घटकाभर बरं वाटतं. पण दाब कमी पडला की बिअरमधला गॅस लाइनमध्येच सुटायला लागतो, नळातून आणखी फेस येतो आणि ग्लासातली बिअर मिळमिळीत होते. मग अजून कमी करतात. एका हायवेवरच्या बारमध्ये हा खेळ सबंध उन्हाळा चालला होता, आणि दोष कंपनीच्या बिअरला दिला जात होता. योग्य दाब बिअरच्या तापमानावर आणि तिच्यातल्या गॅसवर ठरतो. केग ३ अंशांवर असेल आणि बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूम (म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट) गॅस असेल, तर तक्त्यात साधारण ११ पीएसआय (दाबाचं एकक) दिसेल. हे तक्ते समुद्रसपाटीचे असतात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब इथे कमी आहे, म्हणून गेजवर साधारण १ पीएसआय जास्त ठेवायचा, म्हणजे १२. मुंबईहून आलेला तंत्रज्ञ त्याच्या सवयीचा आकडा लावून जातो आणि बिअर थोडी सुस्त पडते, हे मी पाहिलंय. केग खोलीच्या तापमानाला ठेवणार असाल तर मात्र हे गणित लागू नाही. तिथे कितीतरी जास्त दाब लागतो आणि तो ऋतूप्रमाणे बदलतो.

त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला: केगसाठी वेगळा फ्रिज घ्या. दोन केग मावतील असा सरळ उभा फ्रिज पुरतो. गोदामातून आलेला केग जोडण्यापूर्वी निदान २४ तास त्यात राहू द्या. गव्हाची बिअर टिकेल, लागरचा फेस बसेल आणि कूलरवरचा ताण जाईल. पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील तर नव्या चकचकीत टॉवरवर घालू नका, या फ्रिजवर घाला. गॅसऐवजी हवेचा कॉम्प्रेसर जोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, हवेतला ऑक्सिजन बिअर शिळी करतो आणि ॲसिटोबॅक्टरला जागवतो. सिलिंडर खाद्य दर्जाच्या सीओटूचा, उभा आणि साखळीने बांधलेला हवा. सीओटू हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साठतो. सिलिंडर बंद खोलीत असेल तर खाली हवा खेळती ठेवा, आणि गळतीचा संशय आला तर आत वाकून बघायला जाण्याआधी दार उघडून खोली मोकळी होऊ द्या. गॅसची नळीही अधूनमधून उजेडात धरून बघा. तिच्यात बिअर मागे चढलेली दिसली तर नळी बदला आणि कपलरमधला परतीचा व्हॉल्व्ह तपासा.

कंपनीच्या माणसाचं काय? त्याला येऊ द्या, पण धुण्याचा भरवसा त्याच्यावर ठेवू नका. त्याच्याकडे गावभरचे नळ असतात, तुमच्याकडे दोन. तुमच्या बारमधला एक जबाबदार मुलगा निवडा, शक्यतो ज्याला स्वतःला चव कळते असा, आणि त्याच्या पगारात या कामाचे पैसे वेगळे धरा. त्याला फक्त कृती शिकवू नका, कारणही दाखवा. मी जुनी नळी काढली की ती उभी चिरून आतला थर त्या मुलाच्या बोटाला लावतो आणि वास घ्यायला सांगतो. त्यानंतर त्याला वेळापत्रकाची आठवण करून द्यावी लागत नाही. एक साधी वही ठेवा: तारीख, कोणी धुतलं, द्रावण किती टक्के, किती मिनिटं, शेवटी पट्टीचा रंग. कंपनीच्या माणसालाही तीच वही भरायला लावा.

या आठवड्यात एवढं करा. गव्हाच्या लाइनची प्लास्टिक नळी धुण्यात वेळ घालवू नका, बदला. त्या नळीने कधी कॉस्टिक पाहिलेलंच नाही, आणि साध्या पीव्हीसी नळीत वास इतका मुरतो की धुऊनही जात नाही. लागरची नळी वर्षाहून जुनी असेल तर तीही बदला. नवी नळी बिअरसाठी बनवलेली, खाद्य दर्जाची घ्या, पाण्याच्या फिल्टरच्या दुकानातली नको. कॉईल मात्र बदलायची गरज नाही. दोन्ही कॉईलना ३ टक्के कॉस्टिक, खंगाळणं, आम्ल, खंगाळणं असा पूर्ण फेरा द्या, आठवड्याने पुन्हा नुसत्या कॉस्टिकचा, आणि मग १४ दिवसांच्या वेळापत्रकावर या. दुसऱ्या फेऱ्यानंतर वर सांगितलेली दोन ग्लासांची चाचणी परत घ्या. पहिला ग्लास अजूनही आंबट आला तर कॉईलच्या जोडांमध्ये किंवा कपलरच्या आत काहीतरी राहिलंय, ते जोड एकेक करून उघडावे लागतील. नव्या नळीच्या दोन्ही टोकांना मार्करने तारीख लिहून ठेवा, पुढच्या वर्षी याच सुमाराला ती बदलायची.